किसनची गाठ

माणसाचं मन पालटतं, यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. अडचण एवढीच, की ते पालटल्याचं बाहेरून दिसत नाही. किसनभाऊनं त्यावर उपाय काढला होता. तो बिनखिशाचे शर्ट शिवून घेई. अमरावतीतल्या आमच्या गल्लीच्या शिंप्यानं पहिल्यांदा विचारलं, "काहून गा, कापड कमी पडलं काय?" किसन म्हणाला, "खिसा असला का लोकं तिकडंच पाह्यते बापा." विड्या तो टोपीत ठेवी.

माझी त्याची ओळख आमच्या बोअरमुळे झाली. पाणबुडी मोटर आत अडकली होती आणि कोणी हात लावायला तयार नव्हतं. किसन आला तो फाटकाबाहेरूनच ओरडला, "सर, मी किसन, मोटरवाला! आत येऊन राहिलो!" घरातही दर दारापाशी असाच पुकारा. बायको म्हणाली, किती अदबीचा माणूस. मग चहा पिताना त्यानंच सांगून टाकलं, की तो आधी मोटरचोर होता. लोकांच्या विहिरींतून मोटरी काढायचा आणि त्यापायी जेलात जाऊन आला होता. "काम तेच हाये सर. पयले लोकं मांगं लागत, आता बोलावते." बायकोनं कपबशा उचलल्या, आत गेली आणि कपाटाला कुलूप घातलं. त्याचा खटका बाहेर ऐकू आला. किसन म्हणाला, "साधं कुलूप हाये ते. बदलून घ्या."

पहिली चोरी त्यानं सख्ख्या भावाच्या विहिरीवर केली होती. मोठा भाऊ नामदेव अकोल्याच्या पुढं, पातूर रस्त्याला फुलशेती करतो. "शिकाऊ माणूस घरूनच सुरुवात करते सर. ते विहीर मले डोळे मिटूनबी पाठ होती." दसऱ्याचे दिवस जवळ आले होते. झेंडू आणि शेवंती पाण्यावाचून उभ्या वाळल्या. नामदेव पोलिसांत गेला नाही, कारण चोर कोण ते त्याला तिथंच कळलं. मोटर नेताना मोकळा झालेला पाईप विहिरीत पडू नये, म्हणून चोरानं तो दोरानं वरच्या लोखंडी गर्डरला नीट बांधून ठेवला होता. आणि गाठ होती ती बापानं दोघा भावांना शिकवलेली: दोन वेढे आणि शेपूट खालून वर. गावात दुसरं कोणी ती मारत नसे. किसन सांगे, "चोरी करतानी पाईपाची काळजी कायले करा लागते? पण हात ऐकत नाई ना."

जेलातून सुटल्यावर तो भावाच्या दारी जात राहिला. नामदेव त्याला येताना पाही आणि आतून कडी लावी. मध्यस्थी करायला किसननं नातेवाईक पाठवले. ते जेवून आले. मग एक दिवस तो माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "जे नेलं ते जागेवर ठेवतो. बोलणं मंग पाहू." एक जळकी मोटर आणून तिच्यात त्यानं स्वतः नवी तार भरली. दिवस निवडला तो पुतणीच्या लग्नाचा. अर्थात आमंत्रण नव्हतं. "चोरीले रात नाई लागत सर, गावात लगन लागते. सारे मांडवात, वावरात चिटपाखरू नाई."

"अहो, आपण चोरी करायला थोडेच चाललोय?" मी म्हटलं.

"तेच तं. म्हून तुमाले नेऊन राहिलो. प्रोफेसर संगं असला का मार कमी पडते."

इतक्या वर्षांत नामदेवनं दुसरी मोटर बसवली असेल, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. किसननं विहिरीत वाकून पाहिलं, टोपी मागं सारली आणि नवी बसवायची म्हणून आधीची वर काढली. तेवढ्यात मांडवासाठी फुलं तोडायला पाठवलेले दोन गडी आले. भावाची मोटर भावाच्या विहिरीतून निघालेली होती आणि किसन तिच्याशेजारी उभा होता. त्यांनी त्याला धरला, पाडला, हाणला. मी निवृत्त प्राध्यापक असल्याचं सांगितलं. त्याचा परिणाम इतकाच झाला, की एकानं मलाही धरलं.

निरोप गेला आणि नामदेव फेटा बांधलेला तसाच फटफटीवर आला. त्यानं दोन्ही मोटरी पाहिल्या. मग किसननं आणलेल्या मोटरला बांधलेल्या दोराची ती बापाची गाठ हातात घेऊन ओढून पाहिली.

"सोडा त्याले," तो गड्यांना म्हणाला. मग किसनकडं न पाहता, "चालू मोटर काहून काढली?"

"नवी लावाले."

"इचारता येत नोतं?"

"दार लावतं ना तू."

नामदेवनं दोर खाली ठेवला. "चार वाजेपर्यंत लाईन हाये," तो म्हणाला. "लावून टाक." मला म्हणाला, "मास्तर, तुमी जेवून जा." आणि गेला.

किसन जेवायला आला नाही. "मले कुठी म्हटलं त्यानं?" सुजलेल्या ओठानं तो म्हणाला. त्यानं मोटर सोडली, पाणी झेंडूच्या सरीला लागलेलं पाहिलं आणि आम्ही अमरावतीची बस धरली. वाटेत तो फक्त एवढंच बोलला, "आवाज चांगला होता पाण्याचा." नंतर पुष्कळ दिवस, फोन वाजला की तो माझ्याकडं बघे. नामदेवच्या घरी माझाच नंबर दिलेला होता.

त्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं तो गेला. स्मशानात आमच्या प्रभागातल्या पुढाऱ्यानं अंधाराकडून प्रकाशाकडं जाणाऱ्या वाटेवर भाषण केलं. त्यात किसनचं नाव दोनदा चुकलं. नामदेव मागं उभा होता. मला हळूच म्हणाला, "मोटर चांगली चालून राहिली. त्याले सांगाचं राहून गेलं."

यंदा ती मोटर चोरीला गेली. नामदेवनंच फोन करून कळवलं. या वेळी तो तक्रार द्यायला गेला होता. तिथल्या जुन्या हवालदाराला संशयित म्हणून पहिलं नाव आठवलं ते किसनचं. नामदेवनं कापलेला दोर टेबलावर ठेवला. "साहेब, माहा भाऊ मेला. आन् जित्ता असता तं त्यानं दोर कापला नसता. गाठ सोडली असती, पाईप बांधून ठेवला असता."

हवालदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि किसनचा सध्याचा पत्ता विचारला.