नानांचा साठ ग्रॅम भात

माझ्या सासऱ्यांना मी उपाशी ठेवलं. तेही मनापासून सेवा करत असताना.

नाना खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पण डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा. त्याच सुमारास माझी बायको मेधा कंपनीच्या कामासाठी बंगळूरला निघाली होती.

"बाबांना बघशील ना?" तिने विचारलं.

मी हडपसरला सॉफ्टवेअरमध्ये. एवढा मोठा बँकेचा डेटा सांभाळतो, तर एक सासरा काय! नाना आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटवर आले. मी मोबाइलवर कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि ओट्यावर डिजिटल काटा ठेवला.

अ‍ॅपने सांगितलं, एका जेवणाला राइस साठ ग्रॅम, डाळ तीस. मी कुकर लावला आणि गरम भात काट्यावर साठ ग्रॅम मोजला. आमटी तीस ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. (तिसरा चमचा पडला, तो मी परत काढला.)

नाना मूळचे कोकणातले, भातावर वाढलेले. त्यांनी ताटाकडे बघितलं.

"जावईबापू, हा नैवेद्य बाजूला काढलाय का?"

"नाही नाना, हे तुमचं जेवण."

"बरं," म्हणाले आणि जेवले. जेवले म्हणजे, मी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

दुपारी मी ऑफिसच्या कँटीनमध्ये पोटभर जेवत असल्यामुळे मला काहीच खटकलं नाही. नाना मात्र गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. मी परतलो की सांगायचे, "आज खालच्या देशपांडेबाईंकडे थालीपीठ होतं. वरच्या मजल्यावर बहुतेक अंडाकरी." मग ते सकाळ-संध्याकाळ देवळात जाऊ लागले. मी कौतुकाने मेधाला फोनवर सांगितलं, "बाबा देवाधर्माला लागले."

"माझे बाबा?" ती म्हणाली. "तिथे प्रसाद काय असतो रे?"

हा प्रश्न मला तेव्हा अगदीच अप्रस्तुत वाटला.

मग सोसायटीत सत्यनारायण झाला. नानांनी शिऱ्याचा प्रसाद घेतला. टोपी काढून पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा रांगेत उभे असताना त्यांना घेरी आली आणि ते मटकन खुर्चीत बसले. सोसायटीतलेच डॉक्टर धावत आले, त्यांनी नाडी बघितली आणि विचारलं, "काका, जेवण काय घेता?"

मी अभिमानाने अ‍ॅप पुढे केलं.

"हे साठ ग्रॅम कच्चे मोजता की शिजवलेले?"

"शिजवलेले. कच्चे तांदूळ कसे खातील?"

डॉक्टरांनी मोबाइल मला परत दिला. "अहो, हा आकडा कच्च्या तांदळाचा आहे. शिजल्यावर तो जवळजवळ तिप्पट भरतो. डाळीचंही तेच."

देशपांडेबाई मागून म्हणाल्या, "जावयाकडे राहतात, चालायचंच."

मी नानांच्या पायाशी बसलो. "नाना, सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही काट्यावर इतकं वाकून शीत न् शीत मोजायचात," ते हळूच म्हणाले. "एवढ्या मायेने कोणी वाढत असेल, तर अजून वाढ कसं म्हणायचं?"

रात्री मी मेधाला फोनवर सगळं सांगितलं. मग ती भरपूर बोलली. "इंग्रजीत दोन्हीला राइस म्हणतात, मान्य. पण आपल्याकडे तांदूळ वेगळा आणि भात वेगळा, एवढं मराठी येतं ना तुला?"

त्या दिवसापासून मी कच्चे तांदूळ मोजू लागलो. नाना पुन्हा घरी जेवू लागले, देवळात जाणं आपोआप बंद झालं. ऑपरेशनही छान पार पडलं. सर्जन खूश होते. "वजन मस्त उतरवलंत काका. आहार कोण बघतं?"

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सर्जननी आदराने माझा नंबर मागितला, इतर पेशंटना द्यायला.

"जरूर द्या," नाना म्हणाले. "फक्त त्यांना सांगा, यांच्याकडे जाताना घरून जेवून जा."