देवकाबाईचा डायमॉर्फोडॉन

जाम गावच्या चौकात देवकाबाईचा ढाबा होता. हैदराबादेकडे जाणारे ट्रकवाले तिच्या मटणाच्या तर्रीवर जेवढे फिदा, तेवढेच तिच्या जिभेला टरकून असत. नवरा गेल्यावर तिनं रडणं लवकर आटोपलं आणि भट्टी पेटवली.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात विज्ञान प्रदर्शनाचं सामान नेणारा एक ट्रक ढाब्यासमोर कलंडला. बाकीचं सामान दुसऱ्या गाडीतून गेलं. फायबरचा एक प्राणी मात्र पंख मोडला म्हणून प्रदर्शनवाल्यांनी तिथंच टाकला. भलंमोठं डोकं, जबडाभर दात, वटवाघळासारखे पंख. गळ्यात पाटी: ‘डायमॉर्फोडॉन. डायनासोरांच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी. आहार: मासे, किडे, लहान प्राणी.’

देवकाबाईनं पंख तारेनं आवळला आणि धूड छपरावर चढवलं. गिऱ्हाईक वाढलं. मग एका पहाटे कुणीतरी त्याला शेंदूर फासला. मंगळवारी नारळ फुटू लागले. गावातले धान्याचे व्यापारी किसनराव तर पूजेचे पुढारीच झाले.

“बाई, हे देवाचं वाहन हाये. याच्या पायाशी मटन शिजवून राह्यल्या तुमी? बंद करा.”

“काऊन? त्यानं तुमाले सांगतलं काय?”

“पाप लागन.”

“लागू द्या. पहिले पाटी वाचा.”

पाटी कोण वाचतो? भक्त दारातूनच ट्रकवाल्यांना परत पाठवू लागले, तशी देवकाबाई मनातून हादरली. पुढच्या मंगळवारी भर गर्दीत ती नळीचं मटण घेऊन शिडी चढली आणि ताट थेट त्याच्या जबड्याखाली ठेवलं.

“घे बा, जेव!”

 आता सगळे शिव्या देत निघून जातील, असा तिचा हिशेब होता. तेवढ्यात एक कावळा आला आणि नळी उचलून पसार झाला.

“नैवेद्य पावला!” कुणीतरी ओरडलं.

झालं! मटण हाच प्रसाद ठरला. प्रसाद नाकारणार कसा? किसनरावांनी डोळे मिटून पहिला घास घेतला, डोळे उघडले आणि हळूच म्हणाले, “बाई, थोडी तर्री टाकजा.”

पुढं रस्ता रुंद झाला. ढाबा मागं सरकला आणि क्रेननं उतरवताना प्राण्याचे तुकडे झाले. देवकाबाईला चार दिवस चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. सून हर्षा म्हणाली, “आत्याबाई, छपरावर दुसरं काही बसवू काय?”

“पान्याची टाकी हाये ना. तिच्यावरच नजर ठेव,” देवकाबाई म्हणाली. “कालच एक जन तिले हात जोडून गेला.”