आईंची साक्ष

सईला शाळेत सोडून मी गाडीतच बसले होते, तेवढ्यात मिरजेहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, आई गेली..." ती म्हणाली. देवापुढे दिवा लावून आई खुर्चीत टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. मी गाडीतूनच माझ्या वकिलाला, केरनला, फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "व्हिसा मंजूर झालाय, पण पासपोर्टवर शिक्का नाही. तो मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत घ्यावा लागेल. हा प्रकार इतका नवा आहे की तिथे किती महिने लागतील, मी सांगू शकत नाही. सई इथे राहील आणि तू तिथे अडकशील." म्हणजे जाता येणार नव्हतं. ज्यांच्यामुळे तो व्हिसा मिळाला, त्यांनाच शेवटचं पाहायला त्याचा उपयोग झाला नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सई तीन वर्षांची असताना त्या अमेरिकेत नेपरव्हिलला आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना काय दिसणार हे मला माहीत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. त्यांचा मुलगा मला मारायचा. ऑफिसात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याच्याइतका गोड बोलणारा दुसरा नव्हता. मी डिपेंडंट व्हिसावर होते, त्याचा व्हिसा तोच माझा. तो ते विसरू द्यायचा नाही. "बोलाव पोलिसांना. मी गेलो की तूही गेलीस. सई इथली सिटिझन आहे, ती राहील." या एका वाक्यावर मी कितीतरी वेळा उचललेला फोन खाली ठेवला होता.

जानेवारीतला शनिवार होता, दुपारची वेळ. भांडण कशावरून झालं ते आता आठवतही नाही. त्याने मला जिन्यावरून ढकललं. खाली पडल्यावर हात उचलेना, आणि तो वरून पायऱ्या उतरत येत होता. आई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होत्या. त्या मध्ये पडतील, त्याला समजावतील, असं मला वाटलं. पण त्या आमच्याकडे न बघता सरळ पुढचं दार उघडून बाहेर गेल्या. अंगावर साधी साडी, पायात घरातल्या सपाता, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईंचं दार त्यांनी दोन्ही हातांनी ठोठावलं. इंग्रजी येत नव्हतं, तीनच शब्द जमले. "पोलीस. माय सन." ते मला नंतर त्या शेजारीणबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्याला पोलिसांनी नेलं. मी घसरून पडले असंच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. घडलेलं पाहणारं आईंशिवाय कुणी नव्हतं. मग मिरजेहून, पुण्याहून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "ती घसरली एवढंच म्हणा की हो... पोराचं आयुष्य बरबाद होईल." आई ऐकून घ्यायच्या आणि "ठेवते" म्हणून फोन ठेवायच्या. तोवर आम्ही दोघी सईला घेऊन एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेलो होतो. मी एकदा विचारलंच, "आई, तुम्ही परत गेल्यावर तुमचं कसं होईल? हवं तर नका देऊ साक्ष." त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "याच्या वडिलांचा हात मी सगळा संसारभर सोसला. आमच्या आळीत सगळ्यांना ऐकू जायचं, पण दार कुणी वाजवलं नाही. हा तेव्हा एवढासा होता, कपाटाला चिकटून बघत उभा असायचा..." आणि त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली.

कोर्टात शिकागोहून मराठी बोलणाऱ्या दुभाषी बाई आल्या होत्या. पहिलाच प्रश्न होता, आरोपी तुमचे कोण? आई म्हणाल्या, "मुलगा. एकुलता एक." मग त्यांनी पाणी मागितलं. त्यानंतर मात्र पाहिलं ते सगळं सांगितलं. तो समोर मान खाली घालून बसला होता, आणि आई त्याच्याकडेच बघून बोलत होत्या.

त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली आणि पुढे त्याची रवानगी भारतात झाली. त्याच्याबरोबर माझा व्हिसाही संपला. तेव्हा केरनने त्या दुसऱ्या व्हिसाबद्दल सांगितलं. गुन्हा ज्यांच्यावर घडला आणि ज्यांनी पोलिसांना साथ दिली, अशा परदेशी माणसांसाठी तो होता. कायदा झाला होता, पण नियम निघाले नव्हते. तोवर तात्पुरती परवानगी मिळाली. काम करता येईल, पण देशाबाहेर गेलं तर परत येण्याची खात्री नाही. आई त्यांच्या व्हिसाची मुदत संपल्यावर मिरजेला परतल्या. विमानतळावर म्हणाल्या, "ये लवकर." ते लवकर कधी आलंच नाही.

नियम गेल्या वर्षी निघाले आणि यंदा व्हिसा मंजूर झाला. मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आता तू कुणाची डिपेंडंट नाहीस ना?" मी नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणाल्या, आणि मग मिरजेत किती उकडतंय ते सांगत बसल्या.

मुलगा त्यांच्याकडे कधी फिरकला नाही. पण त्याच्या वाढदिवसाला त्या दरवर्षी सांज्याच्या पोळ्या करून आळीत वाटायच्या, हे नणंदेने मला आत्ता सांगितलं. माझ्याशी बोलताना त्यांनी त्याचं नाव कधी काढलं नाही. शेवटी पुण्याहून तो आला आणि अग्नी त्यानेच दिला. ते ऐकून मला बरं वाटलं की वाईट, अजून कळत नाही... आईंना मात्र बरं वाटलं असतं.

त्या अपार्टमेंटमध्ये आम्ही अजूनही राहतो. तिथे तेव्हा एकच मोठी गादी होती. आई कायम दाराच्या बाजूला झोपायच्या, सई मध्ये आणि मी भिंतीशी. "मला बाथरूमला उठावं लागतं," असं सांगायच्या, पण उठलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्या मिरजेला परतल्यावर मी दाराकडे सरकले, आणि पुढे पलंग घेतला तरी तीच माझी बाजू राहिली. फोन आला त्या दिवशी रात्री मी अंथरूण घालत होते, तेव्हा सई आपली उशी घेऊन आली आणि त्या बाजूला ठेवून म्हणाली, "मॉम, यू टेक द वॉल टुडे." मी भिंतीकडे सरकले. तिने जाऊन दाराची कडी एकदा ओढून पाहिली आणि येऊन आडवी झाली.