चौरंगावरचं रेडिओचं पुस्तक

यंदा श्रावणात आमच्या भोरच्या घरी एका पुस्तकाची पोथी झाली... तीही रेडिओवर ऐकलेल्या पुस्तकाची.

शेजारच्या वकिलीणबाईंकडे बॅटरीवरचा रेडिओ आहे. दर बुधवारी दुपारी मुंबईहून एक बाई बोलतात आणि एक पुस्तक सुचवतात... प्रवासाचं, चरित्राचं, घरगुती औषधांचं. कादंबरी कधीच नाही, म्हणूनच मी जाते. मॅट्रिक झाले तरी पैसे घालून गोष्टी वाचणं मला पटत नाही. खर्चात पुस्तक मांडायचं तर त्याचा घरात काही उपयोग दिसावा.

आषाढात बाईंनी बाळंतपणावरचं एक पुस्तक सुचवलं, कुणा डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं. मला समोरच्या गंगूबाईंची तानी आठवली. तिला पासली गावी दिलेली. पहिलं बाळ पाचवी पुजायच्या आधीच धनुर्वातानं गेलं... आता दुसऱ्या खेपेला ती माहेरी आली होती. तिच्यासमोर बाळाचा विषय आम्ही साऱ्याच टाळत होतो.

यांनी पुण्याहून पुस्तक आणलं तेव्हा मी चुलीपाशी होते. श्रावणात दुपारी आमच्याकडे पोथी असते. मी वाचते, आळीतल्या बायका ऐकतात. सासूबाईंना अक्षरओळख नाही. त्यांनी नवं पुस्तक पाहिलं, चौरंगावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर फूल ठेवलं. मी हात पुसत बाहेर आले तोवर बायका जमल्यासुद्धा...

ही पोथी नव्हे, बाळंतपणाचं पुस्तक आहे, असं मी त्यांच्या कानाशी सांगितलं. त्यांनी पुस्तकावरचं फूल नीट केलं. मग म्हणाल्या, "आता मांडली न्हवं? मांडलेली पोथी वाचल्याबिगर उठवत न्हाईत. वाच."

वाचलं. पहिल्या दिवशी बायका पदराआड हसल्या. सुईण भागाबाई म्हणाली की आम्ही दार लावून करतो ते या बाईनं छापून काढलं. पण वाचन थांबलं की सवयीनं सगळ्या हात जोडत... भागाबाईही.

नाळ कापायचं पातं आणि बांधायचा दोरा उकळून घ्यावा, नाहीतर बाळाला धनुर्वात होतो, हे आलं त्या दिवशी गंगूबाईंनी मला तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. तानी खांबाला टेकून बसली होती.

पुस्तक संपलं तेव्हा वेगळीच अडचण आली. ऐकणाऱ्याला काय लाभतं ते पोथी शेवटी सांगते, तर हिची फलश्रुती कुठं आहे, असं सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, यात नसते. "मग संपली कशी?" म्हणाल्या, आणि पुस्तक चौरंगावरच राहू दिलं. रोज फूल मात्र चुकलं नाही.

श्रावण सरता सरता तानीला कळा लागल्या. सासूबाई आणि मी गेलो. भागाबाईनं आपला विळा बाहेर काढला, तेव्हा मी पाण्याचं विचारलं. तिला राग आला.

"निम्मं भोर ह्या हातांवर झालं. इळा कवा शिजवला न्हाई म्या."

सासूबाई तानीच्या उशाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पोथीला हात कुणी जोडले व्हते, भागे?"

भागाबाई विळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ठेवा पाणी."

मुलगी झाली. पुढचे दिवस आळीत कुणी कुणाला काही विचारलं नाही. गंगूबाई सकाळी ताक न्यायला येत, आणि सासूबाई आधी त्यांच्या तोंडाकडं बघत, मग भांड्याकडं.

पाचवी पुजली गेली... पुढं बारसंही झालं. घुगऱ्या घेऊन सासूबाई घरी आल्या, पाय धुतले, चौरंगावरचं पुस्तक उचललं आणि तांबड्या फडक्यात बांधून पोथ्यांच्या फळीवर ठेवलं.

"आता संपली," एवढंच म्हणाल्या.

रेडिओवरच्या त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्यांना आमची आळी ठाऊक असायचं कारण नाही. बुधवारी संध्याकाळी देवापाशी दिवा लावते, तेव्हा एक नमस्कार त्यांच्या आवाजाला करते.