अकरा हजार झाडं लावणारा माणूस

माझ्या वडिलांनी बावीस वर्षांत अकरा हजार झाडं लावली, असं माझी आई जिन्यात भेटेल त्याला सांगायची. समोरच्याने विचारलेलं नसायचं. तो बिचारा पिशव्या घेऊन वर चढत असायचा, आणि आई कठड्याला टेकून त्याला आकडा ऐकवायची. इमारतीत बाबांना सगळे जंगलवाले म्हणत. आम्ही मात्र दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. खिडकीत एक कुंडी ठेवली होती, तर पाणी गळतं म्हणून खालची बाई भांडायला आली. ती कुंडी आईने तिलाच देऊन टाकली. जंगलवाल्यांच्या घरात औषधालासुद्धा हिरवं पान नव्हतं.

बाबा एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये माळी होते. बोटीने दोन तास. बेट एवढंसं, की अर्ध्या तासात चक्कर मारून माणूस पुन्हा धक्क्यावर. तिथे प्लास्टिक चालत नाही, पाणी काचेच्या बाटलीत, खोलीची किल्ली लाकडाची, दात घासायचा ब्रश बांबूचा. ज्यांच्याकडे सगळं आहे अशी माणसं काहीच नसल्यासारखं राहायला तिथे येतात. आणि तिथे येणारं प्रत्येक कुटुंब आपल्या हाताने एक झाड लावतं. बाबा खड्डा खणून ठेवायचे, रोप द्यायचे, तांब्याची झारी पुढे करायचे. मग रोपापाशी त्या कुटुंबाच्या नावाची लाकडी पाटी. पाहुणे फोटो काढायचे आणि पृथ्वीवर उपकार करून जेवायला जायचे.

महिन्यातून दोन दिवस बाबा घरी यायचे. गर्दीच्या दिवसांत तेही नाही. आजीने शेवटचं पाणी आईच्या हातून घेतलं, बाबा तिसऱ्या दिवशी पोहोचले. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा सहीसाठी मी होते. मी चिडले होते. आई खाटेवरून म्हणाली, "अगं, तिकडे ते जंगल उभं करतायत. मी एक पोट कापून घेतेय, त्यात काय एवढं." तिने हा हिशोब कधीच घालून घेतला होता. आपण इथे खस्ता खायच्या, म्हणजे तिकडे झाड वाढतं. तिचं सगळं त्या झाडांवर उभं होतं. मला बाबांचा राग यायचा, पण तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

एकदाच ते सलग अकरा दिवस घरी होते. फांद्या छाटताना मोठ्या कात्रीत डाव्या हाताची तर्जनी सापडली होती. आई रोज दोनदा पट्टी बदलायची. बोट वाचलं, पण वाकडं राहिलं, आणि नखाच्या जागी मांसाची गाठ धरली. आई अजूनही त्या अकरा दिवसांबद्दल असं बोलते, जसं लोक फिरायला गेलेल्या दिवसांबद्दल बोलतात.

बाबा निवृत्त झाले तेव्हा रिसॉर्टने बक्षीस म्हणून आम्हा तिघांना दोन रात्रींचा मुक्काम दिला, पाहुण्यांसारखा. आईने नवीन चपला घेतल्या. धक्क्यावर बाबांच्याच बरोबरीच्या माणसाने आमच्या हातात थंड रुमाल ठेवले आणि हसू दाबलं. बाबांना तो रुमाल कुठे ठेवावा कळेना, त्यांनी खिशात घातला.

ती खोली आमच्या दोन्ही खोल्यांपेक्षा मोठी होती, न्हाणीघराला छप्पर नव्हतं. आईने पहिल्या सकाळी साफसफाईवाली यायच्या आत चादरींच्या घड्या घालून ठेवल्या, कप विसळले, आणि उघड्यावर आंघोळ करायला साफ नकार दिला. जेवायच्या टेबलावर बाबा अंग चोरून बसले. शेजारच्या कुंपणाची एक काडी वर आली होती, त्यांची नजर सारखी तिकडे. आई मात्र डोळे भरून बघत होती. झाडं होती, नाही असं नाही. शंभर-दीडशे असतील.

"बाकीची कुठायत हो?" तिने सहज विचारलं.

"आहेत की. आतल्या बाजूला," बाबा म्हणाले.

आतल्या बाजूला मी सकाळीच फिरून आले होते. तिथे पाण्याच्या टाक्या होत्या. पण आईचा चेहरा बघितला आणि मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर आमचं झाड लावायचं होतं. बाबांचं हे शेवटचं काम, आणि पाहुणे आम्हीच. आईने जागा निवडली, समुद्राकडे पाठ करून, कारण खारा वारा रोपाला सोसत नाही असं बाबांनीच कधीतरी तिला सांगितलं होतं. बाबा म्हणाले, जागा ठरलेली असते. मग ठरलेल्या जागी गेलो. तिथली माती चाळलेल्या पिठासारखी भुसभुशीत होती, दोन फटक्यांत खड्डा झाला. रोप वीतभर, मुळांभोवती गोणपाट बांधलेलं.

"हे सोडायचं नाही का?" आईने विचारलं.

"कुजतं ते आपोआप."

आईने चपला काढल्या. लोक झारी कलती करतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. ती खाली बसली, दोन्ही हातांनी माती लोटली, बुंध्याशी दाबली, आणि पुन्हा दाबली. मग बराच वेळ उठलीच नाही. पाटीवर तिचं नाव होतं, एकटीचं. बाबांनी मुद्दाम तसं करून घेतलं होतं.

"याला पाणी कोण घालणार आता?"

"माणसं आहेत गं," बाबा म्हणाले, आणि झारी उचलून चालायला लागले.

बोट चारला होती. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, सगळ्यांचा निरोप घेऊन येतो. आले ते घाईघाईने, बाह्या वर, हात ओले. आई गमतीने म्हणाली, "निरोप घ्यायला हात धुवावे लागतात वाटतं?" बोट सुटली तेव्हा ती झाडाच्या दिशेला बघत होती आणि बाबा इंजिनाकडे.

सहा महिन्यांनी माझ्या फोनवर रिसॉर्टचा ईमेल आला. 'आपलं झाड आता चार फुटांचं झालं आहे.' सोबत फोटो. आईने फोन हातातून सोडला नाही. "बघा हो, केवढं वाढलंय."

बाबांनी चष्मा न लावताच बघितलं. "वाढतं. तिथली हवा चांगली आहे."

मी झेरॉक्सच्या दुकानात काम करते. आईने हुकूम सोडला, हा फोटो मोठा करून आण, लॅमिनेशन कर, भिंतीवर लावायचाय. दुकानात मी तो पडद्यावर मोठा केला. झाडाशेजारी मापाची पट्टी उभी होती, आणि ती धरणारा एक हात कोपऱ्यातून आत आला होता. माणूस चौकटीबाहेर. फोनवर तो हात दिसलासुद्धा नव्हता. आता दिसला. डावा हात. तर्जनी वाकडी, नखाच्या जागी गाठ.

बाबा सहा महिने आमच्याच घरात, खिडकीपाशी बसून होते.

मला सगळं एका क्षणात कळलं असं नाही, पण पुरेसं कळलं. भुसभुशीत माती, गोणपाट, ओले हात. मी तो कोपरा कापू शकले असते. दिवसाला पन्नास फोटो मी कापते, कोणाची मामी काढते, कोणाचा सोडलेला नवरा काढते. एक रेघ मारली असती तर हात गेला असता आणि झाड राहिलं असतं. नाही मारली. आजीच्या खाटेशी मी रात्री जागून काढल्या होत्या, ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली होती, आणि त्या पडद्यासमोर मला वाटलं, या माणसाचा हात एकदा तरी वेळेवर घरी पोहोचू दे. ही माझी लायकी. फोटो मी पूर्ण छापला.

संध्याकाळी आईने तो खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला आणि पदराने पुसायला लागली. पुसता पुसता कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला. बाबा शेंगा सोलत होते. तिने वळून त्यांच्या हातांकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे.

"हा हात तुमचा आहे."

बाबांनी शेंग खाली ठेवली. "हो."

"तुम्ही तर घरी आहात."

"जुना फोटो आहे. पाच-सहा वर्षांचा. सगळ्यांना तोच जातो."

"मग झाड कोणाचं?"

"कोणाचंच नाही. स्वयंपाकघराच्या मागे उगवलंय आपोआप."

आई खाली बसली. बाबांनी मग न विचारताच सांगितलं. पहिले तीन महिने खरी झाडं लावली. मग बेट भरलं. साहेब म्हणाले, पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं. तेव्हापासून चाळीस रोपं होती. पाहुणे गेले की रोप गोणपाटासकट उपटायचं, पाटी बदलायची, पुढच्या कुटुंबाला द्यायचं. रोप फार वाढलं किंवा मेलं की नवीन आणायचं. सोडून दुसरीकडे जाता आलं असतं, पण घरी काय सांगणार होते. "तू जिन्यात सगळ्यांना सांगायचीस," ते म्हणाले. "मग राहूनच गेलं."

मला वाटलं आई ओरडेल, निदान रडेल. ती सोललेले दाणे एका बाजूला सारत होती, एकेक.

"माझं किती दिवस होतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही.

"दुपारपर्यंत. तीनला दुसरं कुटुंब होतं."

"काढलं कोणी?"

"मीच."

आईने मान हलवली. उठून कुकर लावला. त्या रात्री तिने दोघांना वाढलं, स्वतः नंतर जेवली.

फोटो काढून टाकावा म्हणून मी सकाळी स्टूल घेतलं, तर म्हणाली, राहू दे. दुपारी खालची बाई आली, तीच, कुंडीवाली. तिने फोटो बघितला आणि म्हणाली, "अगंबाई, हेच का तुमचं झाड? छान वाढलंय हो."

बाबा खिडकीपाशी होते. आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"हो ना," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी अकरा हजार लावली. हा हात बघा, त्यांचाच आहे."

बाबा उठले आणि आतल्या खोलीत गेले. आई त्या बाईला हात दाखवत राहिली.