आजीला देवीचं बोलावणं यायचं, त्या गावी

अलिबागहून माणगावला जायला वडखळचा सरळ रस्ता आहे. आम्ही तो सोडून मुरूडवरून किनाऱ्याने निघालो, याचं कारण आईच्या मांडीवर होतं. आजीची पितळी समई. आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, जाऊन तीन महिने झाले होते आणि ती समई आजीच्या माहेरच्या देवीला द्यायची, असं आईनं ठरवलं होतं. आई माझ्याकडे राहायला आली होती, तिला माणगावला घरी सोडायचंच होतं, म्हटलं चला, या निमित्ताने समुद्र तरी बघू.

रेवदंड्यापर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे चुकवण्यात आपण पटाईत होतो. काशीदला शनिवार-रविवारी जाऊ नका, माणसांशिवाय काही दिसत नाही. आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, तिकीट धक्क्यावरच मिळतं, आणि पलीकडे दिघीला उतरायचं. या फेरीने रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. बोटीवर वारा इतका की आईनं समई पदरात गुंडाळून धरली.

"काय बाई होती," ती म्हणाली. "फोन आला की निघाली."

हे आमच्या घरी सगळ्यांना पाठ होतं. आजी सुनांची बाळंतपणं, नातवंडांची दुखणी, पापड, लोणची सगळं निभावायची. पण गावाहून फोन आला की हातातलं काम टाकायची, "देवीचं बोलावणं आलं" म्हणायची आणि एसटीत बसायची. सणवार बघायची नाही. परत आली की आधी परसात डोक्यावरून आंघोळ, तोवर कुणाला शिवू द्यायची नाही. आम्ही तिच्या सोवळ्याची यथेच्छ टिंगल करायचो.

"तू झालीस त्या दिवशीसुद्धा गेली," आई म्हणाली. "देवी काय पळून चालली होती? माझ्या मनातून ते कधी गेलं नाही."

दिघीहून बोर्ली पंचतन जवळच. तिथे मिसळ-पाव खाल्ला, देवीला जायचं म्हणून मासळी नको. (खाणाऱ्यांनी ताटाचा भाव आधी विचारावा.) आजीचं माहेर तिथून पुढे, आत. गावाचं नाव देत नाही, कारण पाहण्यासारखं तिथे काही नाही. निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबईला.

देवळात एक म्हातारी झाडत होती. समई कुणाची ते आईनं सांगितल्यावर तिनं झाडू ठेवला.

"मालूतायची सून व्हय तू? मी चंद्रा. तुझ्या सासूनं माझ्या सासूला न्हाऊ घातलान, जावेलापण."

"आजारी होत्या का?" आईनं विचारलं.

"आजारी कशाला? मेलेल्या."

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. आई तर पायरीवर बसलीच. चंद्राआजी मात्र पेरणीबद्दल बोलावं तशी बोलत होती. "बाप्यांना बाप्ये बघतात. बाईला बाईनंच न्हाऊ घालायचं ना? सुना मुंबईला, त्या येईस्तवर सांज होते. हितल्या बायका हात लावायला भितात. मालूताय माणगावातनं पहिल्या गाडीनं यायची. कुठली जात, कुठला वाडा, कधी इचारलान न्हाय."

खोटं कशाला सांगू, मला आधी शहाराच आला. त्याच हातांनी तिनं मला भरवलं होतं, माझ्या वेण्या घातल्या होत्या.

"आधी देवळात यायची," चंद्राआजी सांगत होती. "देवीच्या पायावरचं फूल घ्यायची. न्हाऊ घातलं, केस इंचरले, की ते फूल माळायची. इधवा असली तरी. माझ्या दिरानं हटकलान, इधवेला फूल कसं म्हणून. तर म्हणाली, फूल देवीचं हाय, नको आसंल तर तिला जाऊन सांग."

आजी स्वतः चाळीस वर्षं विधवा होती. तिच्या केसात आम्ही कधी फूल पाहिलं नव्हतं.

"आम्हाला का नाही सांगितलं?" आईचा आवाज चढला होता. रागही होता त्यात.

"सांगितलं आसतं तर पाठवली आसतीत?"

नसती पाठवली, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

समई देवीपुढे ठेवून निघालो, तेव्हा चंद्राआजीनं आईचा हात धरला. "मला म्हणालेली, चंद्रे, तुला मी बघीन. आता तीच आधी गेली. माझा पोरगा दुबईला, सून न्हाय. तू येशील?"

माझी आई पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. मी काहीतरी सबब सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "फोन करायला सांगून ठेवा. मी येईन."

म्हसळ्यावरून माणगावपर्यंत घाटातली वळणं, दाट झाडी, फार सुंदर रस्ता आहे म्हणतात. आम्ही काही पाहिलं नाही. आई एकदाच बोलली, "मला जमेल का गं?"

याला आता दोन महिने झाले. चंद्राआजी स्वतःच अधूनमधून आईला फोन करते. "आजून हाय गो मी, घाई न्हाय." तो नंबर दिसला की आईचा चेहरा पांढरा पडतो आणि मग ती हसत सुटते. मी मात्र अजून सावरलेले नाही. आजीच्या फोटोकडे पाहिलं की वाटतं, या बाईला आपण ओळखतच नव्हतो.

मागच्या आठवड्यात आई-बाबांच्या गल्लीतल्या एक काकू गेल्या. घरच्या बायका दारातच घुटमळत होत्या, तेव्हा आई न बोलावता आत गेली. मी माणगावला घरी पोचले तेव्हा ती फोनवर होती, चंद्राआजीशी.

"पाणी घालताना हात थरथरले हो. पण केस विंचरायला जमलं."

स्पीकर चालू होता. पलीकडून खोकल्याची उबळ आली आणि मग चंद्राआजी म्हणाली, "मग झालं तर. माझे चारच केस ऱ्हायलेत."