एकट्या प्रश्नचिन्हाची गोष्ट

दृष्टी गेल्यावर ब्रेल शिकले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. तोवर पुण्यातल्या मुलीला निरोप पाठवायचा तर मी सांगायचे आणि आमचे हे टाइप करायचे. मग फोनला जोडायचा ब्रेल कीबोर्ड आला. सहा ठिपक्यांच्या सहा कळा, आणि मी लिहायला मोकळी! मराठी लिहायचे पूर्ण ब्रेलमध्ये, एकेक अक्षर करत. इंग्रजी मात्र संक्षिप्त ब्रेलमध्ये. त्यात कित्येक अख्खे शब्द एका खुणेत मावतात.

त्या दिवशी मुलीची नोकरीची मुलाखत होती. फार विचारलं तर चिडेल, म्हणून इंग्रजीत नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. दोन, तीन आणि सहा क्रमांकाचे ठिपके. लगेच तिचा फोन.

"आई, 'हिज' काय? कुणाचं?"

"अगं, प्रश्नचिन्ह पाठवलंय मी!"

"इथं हिज आलंय. आणि माझा नंबर अजून लागायचाय."

मला राहवेना. जुळे सोलापूरहून रिक्षा केली ती थेट सोलापुरातल्याच नवी पेठेत, सरांच्या घरी. सर मूळचे दुधनीचे, जन्मापासून अंध. त्यांनीच मला ब्रेल शिकवलं. ऐकून ते खो खो हसले.

"अवो ताई, हे ठिपके शब्दाच्या शेवटी चिकटले की प्रश्नचिन्ह. संक्षिप्तमधी एकटे सोडले की 'हिज'. पूर्ण ब्रेलमधी तसं होत न्हाय, तितं शब्द अख्खा लिवावा लागतोय."

"आणि मला एकटंच हवं असेल तर?"

"आदी पाच आन् सहा नंबरचे ठिपके संगट दाबा. मंजे फोनला कळतंय, हितं शब्द न्हाय, चिन्ह हाय."

दाबलं. फोन बोलला, "प्रश्नचिन्ह." मी टाळीच वाजवली! मग थांबवतंय कोण? उद्गारचिन्हाचे ठिपके इंग्रजी शब्दाच्या पोटात आले तर दोन 'एफ' होतात आणि शेवटी आले तर उद्गार, हे कळल्यावर मी एकच शब्द दहादा लिहिला. सरांच्या बायकोनं ठेवलेला चहा गार झाला.

तेवढ्यात फोननं मुलीचा निरोप वाचला. निवड झाली होती.

मी मराठीत सावकाश लिहिलं: 'शाब्बास, माझी बाय, शाब्बास!!!'

तिचं लगेच उत्तर आलं, "हे बाबांनी लिहिलं ना?"

"नाही," मी कळवलं, "स्वल्पविरामासकट माझं आहे."

सरांनी माझी शाब्बासकी फोनकडून पुन्हा वाचून घेतली. "उद्गारचिन्ह एक बास होतंय की, ताई."

"आज नाही, सर!"